घर मार्लिसचं, तलाव ओपलचा

मार्लिस टोलेफसनने घर घेतलं ते जूनच्या शेवटच्या आठवड्यात. त्या दिवसांत वाळवंटातल्या पाम स्प्रिंग्जमध्ये शहाणं माणूस घर बघायलासुद्धा बाहेर पडत नाही. थंडीपुरते येऊन राहणारे लोक एप्रिलातच दारं-खिडक्या लावून आपापल्या गावी गेलेले असतात, रस्त्यावर चिटपाखरू नसतं आणि गाडीच्या दाराची मूठ धरायची तर हातात फडकं घ्यावं लागतं. पण घरांचे भाव उतरतात तेही तेव्हाच. दूर उत्तरेला, फार्गोला, सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवून मार्लिसने जे काही गाठीला बांधलं होतं, त्यात उन्हाळ्यातलंच घर बसत होतं.

एवढ्या लांब येण्याचं कारण विचारलं की ती गुडघ्यांवर ढकलायची. थंडीत गुडघे धरतात, डॉक्टर म्हणाले कोरडी हवा बरी. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं. बावीस वर्षं तिने एकटीने आईचं केलं होतं. न्हाऊमाखू घालणं, औषधं, पथ्य, आणि दिवसभर त्या आतल्या खोलीतून येणाऱ्या हाका. आई गेली फेब्रुवारीत. जमीन इतकी गोठलेली होती की पुरायला मे उजाडावा लागला. त्या दिवशी दफनभूमीतून परतताना मार्लिसने ठरवलं, आता असं घर घ्यायचं की जिथे आपल्याला कुणी हाक मारणार नाही.

घर ठेंगणं होतं, दोन खोल्यांचं. पुढे खडी अंथरलेलं अंगण, एक पपनसाचं झाड, आणि मागे पोहण्याचा तलाव. मार्लिसला पोहता येत नव्हतं. हे तिने एजंटला सांगितलं नाही. त्रेसष्टाव्या वर्षी असलं काही सांगायला लाज वाटते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते निळं पाणी दिसायचं, तेवढं तिला पुरे होतं. विकणारी बाई म्हातारी असून जवळच्याच वृद्धाश्रमात राहायला गेली आहे आणि व्यवहार तिचा मुलगा बघतो, याहून जास्त तिला माहीत नव्हतं.

राहायला आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला ती पाण्याच्या आवाजाने जागी झाली. नळ फुटला म्हणून धावत मागे गेली, तर तलावात एक म्हातारी पोहत होती. डोक्यावर रबरी फुलांची टोपी, आणि हात असे संथ लयीत पडत होते की जणू तिला कुठे जायचीच घाई नाही.

"कोण आहे? अहो! कोण तुम्ही?"

म्हातारी काठाला हात लावून वळली. "वीस झाल्या. चार राहिल्यात. थांब जरा."

आणि ती निघून गेली पलीकडच्या टोकाला. मार्लिस झोपेच्या कपड्यांत चार फेऱ्या मोजत उभी राहिली. मग म्हातारी पायऱ्या चढून वर आली, टॉवेल गुंडाळला आणि म्हणाली, "तू ती फार्गोची ना? बसवाली. मी ओपल ब्रेनमन. सदतीस वर्षं राहिले इथे."

"पण आता घर मी घेतलंय."

"माहीत आहे की. सही मीच केली. पोराने पेन हातात दिलं, मी केली. बरंच झालं तू घेतलंस, मला झाडलोट झेपत नव्हती. पंपाची जाळी बघितलीस का? दर आठवड्याला साफ कर, नाहीतर घरघरतो मेला."

एवढं बोलून ती बाजूच्या फाटकातून निघून गेली. मार्लिसला वाटलं, बिचारीचं वय झालंय, सवयीने पाय इकडे वळले असतील. पण दुसऱ्या दिवशी ती आली, तिसऱ्या दिवशी आली, आणि चौथ्या दिवशी मार्लिसने विचारलंच, "तुमच्या तिकडे तलाव नाही का?"

"आहे ना! कमरेइतका. अकरा ते बारा उघडा. बायका रबराची नळकांडी धरून नाचतात त्यात. तू त्याला पोहणं म्हणशील?"

"मला काय त्यातलं कळतंय," मार्लिस तुटकपणे म्हणाली.

"तू उतरली नाहीस अजून. पाच दिवस झाले. पाणी काय तसबिरीसारखं भिंतीला टांगायचंय?"

हे मात्र मार्लिसला झोंबलं. आपल्याच घरात आपल्याला कुणी बोल लावावा हे ती बावीस वर्षं सोसून आली होती. तिने कागदपत्रांवरून म्हातारीच्या मुलाचा नंबर काढला. वेंडेल ब्रेनमन डेन्व्हरला असायचा. तो बिचारा इतका ओशाळला की मार्लिसलाच वाईट वाटलं.

"माफ करा हो. आईला मी हजारदा सांगितलंय. तुम्ही फाटकाला कुलूप लावा सरळ. ती समजेल."

मार्लिसने कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी साडेपाचला फाटक खडखडलं. एकदा, मग पुन्हा एकदा. मार्लिस अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडून राहिली. हाक येईल असं वाटलं, पण हाक आली नाही. सपातांचा आवाज हळूहळू लांब गेला. तिसऱ्या दिवसानंतर फाटक खडखडणंही थांबलं.

शांतता हवी होती ती मिळाली. पारा दुपारी सत्तेचाळीसवर जायचा, डोंगराच्या कडा उन्हात विरघळल्यासारख्या दिसायच्या, सगळी गल्ली बंद. मार्लिस सकाळची कॉफी घेऊन खिडकीशी बसायची. पाणी हलत नव्हतं. आपण काही चूक केली नाही, असं ती स्वतःला दिवसातून तीन-चारदा तरी बजावायची, आणि इतक्यांदा का बजावावं लागतंय याचा तिला राग यायचा.

असे आठ-नऊ दिवस गेले. एके सकाळी ती पपनसाला पाणी घालत असताना शेजारच्या अंगणातून आवाज आला. "अगं ए बसवाली!"

शेजारचं घर कॅनडातल्या एका जोडप्याचं. ते मार्चअखेरच निघून गेले होते. मार्लिस वळसा घालून धावली. फाटकाची कडी आतल्या दोरीने उघडते हे ओपलला ठाऊक असणारच, कारण ते उघडंच होतं. आतला तलाव महिनोन्महिने साफ न केल्याने हिरवागार झालेला. खोल बाजूच्या शिडीला दोन्ही हातांनी धरून ओपल लटकली होती. चेहरा पांढराफटक पडला होता.

"पायात गोळा आलाय," ती म्हणाली. "मोठा. अर्धा तास झाला. हात सुटतील आता."

"वर या! एक पायरी, एकच!"

"चढता आलं असतं तर तुझ्या नावाने बोंबलले असते का? तू ये आत."

"मला पोहता येत नाही."

ओपलने मान वर केली. "काय? मग तलाववालं घर कशाला घेतलंस, बाई?"

"ते नंतर!" मार्लिस ओरडली.

तिने चपला भिरकावल्या आणि शिडीवरून ओपलच्या बाजूने पाठमोरी उतरली. पाणी कोमट होतं, शेवाळाने बुळबुळीत. छातीपर्यंत आलं, गळ्यापर्यंत आलं, आणि खाली पायाला शेवटची पायरी संपल्याचं कळलं. पण बसचं जड चाक फिरवून फिरवून झालेले तिचे दंड होते. एका हाताने तिने शिडी घट्ट धरली, दुसरा म्हातारीच्या कमरेभोवती घातला, आणि एकेक पायरी तिला वर ढकलत नेलं. ओपलचं वजन काहीच नव्हतं. भिजलेल्या टॉवेलचं असतं तेवढं.

वर आल्यावर दोघी फरशीवर बसून राहिल्या. ओपलचं कोपर खरचटलं होतं. मार्लिस तिच्या पोटऱ्या चोळत होती, हात आपोआप चालत होते, आणि अचानक तिला रडू फुटलं.

"मी नाही करणार हे," ती म्हणाली. "कळलं का तुम्हाला? बावीस वर्षं केलंय मी. पोटऱ्या चोळल्या, शौचाची भांडी उचलली, सगळं केलं. आता दुसऱ्या कुणाची म्हातारी मला नकोय."

ओपलने पाय काढून घेतला. "मला कुठे कुणाला करायला लावायचंय? तिकडे सहाजणी ठेवल्यात माझं करायला. नको म्हटलं तरी करतात. मला फक्त पोहायचंय गं."

मार्लिसने ओल्या बाहीने डोळे पुसले. तिने ओपलला उठवलं, घरी नेलं, कोपराला पट्टी बांधली आणि टोस्ट भाजून दिला. मग वृद्धाश्रमात फोन केला. तिथे म्हातारी नाश्त्याला नाही म्हणून आधीच धावाधाव चालली होती.

दुसऱ्याच दिवशी वेंडेल विमानाने आला. पन्नाशी उलटलेला, थकलेल्या डोळ्यांचा माणूस. मार्लिसच्याच स्वयंपाकघरात बसून तो म्हणाला, "मी आईला डेन्व्हरला नेतोय. आणखी जबाबदारी तुमच्यावर नको."

"माझ्याविषयी बोलायचं तर माझ्याशी बोल," ओपल म्हणाली. "मी इथेच बसलेय, समोर."

"आई, तू काल मेली असतीस!"

"पाण्यात ना? मग काय वाईट होतं?"

"माझ्यासाठी वाईट होतं," वेंडेल म्हणाला. "बाबा गेले तेव्हा मी विमानात होतो. दर वेळी फोन वाजला की मला वाटतं, आता तुझंच काहीतरी असणार."

ओपल टेबलावरचे टोस्टचे चुरे बोटाने गोळा करत बसली. मार्लिसला त्या दोघांचीही कीव आली, आणि आपण मध्ये पडू नये असं वाटत असतानाच तिच्या तोंडून निघून गेलं, "त्या शेजारी गेल्या, कारण माझ्या फाटकाला कुलूप होतं."

"मीच सांगितलं होतं तुम्हाला लावायला."

"सांगितलंत तुम्ही, पण लावलं मी. त्या खडखडवत होत्या तेव्हा मी जागीच होते." मार्लिसने दम घेतला. "सकाळी साडेपाचला मी गाडी घेऊन ह्यांना आणायला जाईन. सातला परत पोचवीन. तेवढा वेळ मी काठावर असेन. त्यापुढे मी काही करणार नाही, औषधं नाही, डॉक्टर नाही. चालेल?"

"तू काठावर असून उपयोग काय?" ओपल म्हणाली. "तुला पोहता कुठे येतंय! मला पुन्हा गोळा आला तर तू काय, टाळ्या वाजवणार? आधी शीक. मी शिकवते."

वेंडेल पहिल्यांदाच हसला. "मलाही हिनेच शिकवलं. फार ओरडते, आधीच सांगतो."

त्याने आईला आठवडाभर बघू म्हणून इथेच ठेवलं. आठवड्याचा महिना झाला. दर रविवारी तो मार्लिसला फोन करायचा, आणि ती त्याला फेऱ्यांचा आकडा सांगायची.

ओपल खरंच ओरडायची. "हनुवटी वर! बस चालवतेस का? आरशात बघू नकोस, पुढे बघ!" पहिले दहा दिवस मार्लिस कमरेइतक्या पाण्यात पायरी धरून उभी राहिली. ऑगस्टच्या मध्यात एके सकाळी ओपलने तिच्या पाठीखाली तळहात धरला आणि म्हणाली, "आभाळाकडे बघ. काही करू नकोस. कुणासाठीच काही करू नकोस." मार्लिसचे कान पाण्यात गेले, सगळं जग बुजलं, आणि कधीतरी तिच्या लक्षात आलं की पाठीखालचा हात केव्हाच निघून गेलाय. ती तरंगत होती. तिला आई आठवली, रागावाचून, किती वर्षांनी.

हिवाळ्यात गल्ली भरली. कॅनडावाल्यांनी आपल्या हिरव्या तलावाबद्दल साफसफाईवाल्याला झापलं. फाटकाबद्दल त्यांना कुणी काही सांगितलं नाही. मार्लिस सगळ्यांना हात करायला शिकली, दोघीतिघींकडे कॉफीलाही जाऊन आली. एप्रिलात सगळे पुन्हा निघाले तेव्हा शेजारीण म्हणाली, "तुम्हीही जा कुठेतरी. इथे उन्हाळ्यात माणूस भाजून निघतं."

"सकाळी बरं असतं," मार्लिस म्हणाली.

त्या दुसऱ्या उन्हाळ्यात ओपलचं खुब्याचं हाड दुखायला लागलं आणि डॉक्टरांनी पोहणं बंद केलं. दोन आठवडे ती कुणाशी बोलली नाही. मग एक दिवस मार्लिसने तिला गाडीत घातलं, तलावाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसवलं, पाय पाण्यात सोडले, आणि स्वतः उतरली. पहिली फेरी ओपलने पाण्यात पाय हलवत नुसती मोजली. दुसरीला तिने नाक मुरडलं.

"डावा हात काय करतोय तुझा? भाजी ढवळतोय का?"

"मग कसा टाकू?"

"लांब. अजून लांब. हां. आता श्वास."

मार्लिसने श्वास घेतला आणि डावा हात लांब टाकला. पलीकडचा काठ अजून बराच दूर होता, आणि डोंगराच्या कड्यावरून सकाळचं ऊन नुकतंच खाली उतरायला लागलं होतं.