सरळ टिळा

"अंकल, डोळे बांधले तर ओळखाल का, या दोन डब्यांतला कुठला वाजतोय ते?"

प्रियदर्शनीने एका दमात विचारून टाकलं. सौम्या आणि भव्या या मैत्रिणींनी पैजच लावली होती, की एस. पी. रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात, अप्पांसमोर, तू तोंड उघडूनच दाखव.

दुकानदाराने तिच्याकडे पाहिलंही नाही. तो अप्पांकडे बघून हसला, मुलगी चुणचुणीत आहे म्हणाला, आणि पुन्हा तिच्या भावाला, अभिराजला, समजावू लागला. सीडीवर गाणं आकड्यांत असतं, त्या आकड्यांचा आवाज प्लेअर स्वतः करतोच, पण हा वेगळा डबा तेच काम जास्त नितळ करतो. हे सगळं तीन महिने मासिकं चाळून प्रियदर्शनीने वहीत उतरवलं होतं. घरच्या प्लेअरला यातला कुठला चालेल, तेही. ती वही आता अभिराजच्या हातात होती आणि तो त्यातलं वाचून मान डोलावत होता.

"ती माझी…" तिने सुरुवात केली.

"स्वल्प गप्प बस," अप्पा कानडी ढंगात म्हणाले.

डबा तिने निवडला होता तोच घेतला. घरी येईपर्यंत तो अभिराजने निवडलेला झाला.

अप्पा, म्हणजे तिचे वडील विठोजी, बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात लेथवर फोरमन. जिथे हात लागतो तिथे कुंकू, हा त्यांचा तिथला नेम घरीही चाले. वायरी जोडण्याआधीच त्यांनी डब्याच्या स्विचला, प्लेअरच्या बटणाला आणि अॅम्प्लिफायरवरच्या त्या गोल खुंटीला टिळे लावले. कुठल्या यंत्राचा आवाज घ्यायचा, ते त्या खुंटीने ठरे. तिच्यावरचा टिळा उभा, अगदी सरळ.

प्रियदर्शनीने वायरला हात लावला.

"तू उदबत्ती धर गं," अभिराज म्हणाला.

तिने धरली. राख बोटावर पडली तरी ती हलली नाही, दात मात्र आवळले.

डब्यावर हिरवा दिवा लागला, वीणा सुरू झाली. अप्पांनी डोळे मिटून काय नितळ, काय नितळ केलं. आई, कौशल्या, स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "मला तर कालच्यासारखंच वाटतंय."

"तुझे कान कुकरच्या शिट्टीला सरावलेले," अप्पा म्हणाले. बापलेक हसले. आई आत गेली.

त्याच बैठकीत अप्पांनी कॉलेजचा विषय काढला आणि संपवलाही. दहावी झाली, आता कॉमर्स. वायरींत हात घालणं मुलींचं काम नव्हे, त्याला अभिराज आहे. डिप्लोमाच्या दोन विषयांत लटकलेला अभिराज तेव्हा डब्यावरून फडकं फिरवत होता.

पाच दिवस रोज कुणी ना कुणी ऐकायला आलं आणि अभिराजची पाठ थोपटून गेलं. रविवारी होसकोट्याहून उमाकांतमामा येणार म्हणून प्रियदर्शनी धूळ झटकत होती. खुंटीपाशी तिचा हात थांबला.

टिळा सरळच होता. कणभरही सांडला नव्हता.

तिने मागे वाकून पाहिलं. प्लेअरच्या जुन्या वायरी जागच्या जागी, डब्याच्या नव्या वायरी शेजारच्या भोकांत. म्हणजे डबा वाजायचा तर खुंटी उजवीकडे फिरायला हवी होती, आणि ती कुणी फिरवलीच नव्हती. पाच दिवस सगळे जुनाच आवाज ऐकून माना डोलावत होते. आत्ताच्या आत्ता ओरडून सांगावं, असं वाटलं. मग तिला उदबत्ती आठवली. तिने फडकं घडी करून ठेवलं.

संध्याकाळी मामा सोफ्यावर, अप्पा डोळे मिटून, अभिराज पायाने ताल धरून. प्रियदर्शनी पाणी ठेवायच्या निमित्ताने उठली आणि तिने खुंटी एक खटका उजवीकडे वळवली.

अप्पांचे डोळे मिटलेलेच राहिले. अभिराजचा पाय चालूच होता. मामा "वा" म्हणाले, पण ते मघापासून म्हणतच होते.

आत लाटणं थांबलं. आई पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि उभी राहिली.

"वीणेच्या पडद्यावरून बोट घसरतंय, ते ऐकू येतंय," ती म्हणाली. "काय केलंस गं?"

"डबा सुरू केला," प्रियदर्शनी म्हणाली. "आज पहिल्यांदा."

अभिराजने तिरक्या झालेल्या टिळ्याकडे पाहिलं. त्याचा पाय थांबला. अप्पांनी डोळे उघडले, एकदा त्याच्याकडे, एकदा खुंटीकडे बघितलं. वीणा वाजतच होती.

प्रियदर्शनीने दप्तरातून कॉलेजचा फॉर्म काढला आणि पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवला. तिच्या बोटाचं कुंकू कोपऱ्याला लागलं.

"अप्पा, आई, मी कॉमर्स खोडलंय. इलेक्ट्रॉनिक्स लिहिलंय. उद्या द्यायचाय." तिने पेनचं टोपण काढलं आणि पेन आईपुढे धरलं. "पालकाची सही लागते. आईची चालते, मी विचारून आलेय."