नमुन्यातलं हळकुंड

चंपाक्काच्या घरात रागी, म्हणजे नाचणी, धुवायची ती तीन पाण्यांनी. पहिल्या पाण्यात धूळ आणि फोलपट जायचं, दुसऱ्यात माती, आणि तिसऱ्यात जायला काही उरलं नसलं तरी तिसरं पाणी घालायचंच. मग रात्रभर भिजत घालून, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायचे, मंद आचेवर भाजून दळून आणायचं आणि मलमलीतून गाळायचं. बाळांसाठीचं हे सत्त्व ती राजाजीनगरच्या आपल्या गल्लीत तीस वर्षं करत आली होती. नवरा, कृष्णाजी, अकाली गेला तेव्हा पोटासाठी सुरू केलं. पुढे दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या, वरचा मजला भाड्याने गेला, पोटाची काळजी मिटली. सत्त्व मात्र सुटलं नाही. कुणाचं बाळ सहा महिन्यांचं झालं की त्या घरचं माणूस रिकामा डबा घेऊन तिच्या पायरीवर उभं राहायचं. त्यातल्या काही बाळांना आता मिशा फुटल्या होत्या, आणि ती स्कूटरवरून जाताना चंपाक्काला हात करायची.

त्या वर्षी वरच्या मजल्यावर मैत्रेयी राहायला आली होती. पुण्याची मुलगी, कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी, मांडीवर सात महिन्यांचा तनय. चंपाक्काच्या मराठीत निम्मी कन्नड आणि मैत्रेयीच्या मराठीत निम्मी इंग्रजी, त्यामुळे दोघींना एकमेकींचं बोलणं ऐकायला मजा वाटायची.

जूनमधल्या एका सकाळी मैत्रेयी डबा घेऊन खाली आली आणि डबा पुढे न करता तशीच उभी राहिली.

"काकू, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की ग."

"ह्या नाचणीचं टेस्टिंग वगैरे कधी केलंय का तुम्ही? म्हणजे पेपरमध्ये येतंय ना, ते किडीवर फवारतात ते बीएचसी बॅन केलं गव्हर्नमेंटनी. फवारलेलं धान्यात राहतं म्हणे. आणि लहान मुलांना जास्त त्रास."

"तीन पाण्यांनी धुते मी."

"हो, ते आहेच," मैत्रेयी म्हणाली, आणि डबा भरून घेऊन वर गेली.

चंपाक्काला राग आला असता तर बरं झालं असतं. राग आला की ती भांडी घासायला बसे आणि दहा मिनिटांत मोकळी होई. पण आज तिला राग आला नाही, आठवण आली. येलहंकाच्या पलीकडच्या नंजप्पाकडून ती पहिल्यापासून रागीची पोती घेत होती, आणि मागे कधीकधी पोत्याच्या शिवणीत पांढरट भुकटी दिसायची. एक उग्र वासही यायचा. तेव्हा तिने कधी विचारलं नाही. वास आला की ती तिसरं पाणी जरा जास्त घालायची, इतकंच.

त्या दिवशी भिजत घातलेली रागी तिने उपसली आणि मातीत पुरली. पोत्याचं तोंड बांधून टाकलं. डबा घेऊन आलेल्या दोघांना "ह्या महिन्यात नाही," म्हणून सांगितलं. कारण सांगितलं नाही. काय सांगणार? इतक्या पोरांना आपल्या हाताने काय भरवलं ते आपल्यालाच ठाऊक नाही, असं पायरीवर उभं राहून कसं सांगायचं?

वर्तमानपत्रातल्या त्याच बातमीच्या शेवटी लिहिलं होतं की सरकारी प्रयोगशाळेत कुणाही नागरिकाला फी भरून धान्य तपासून घेता येतं. चंपाक्काने ती ओळ कात्रीने कापून पर्समध्ये ठेवली.

दोन बस बदलून ती तिथे पोचली. खिडकीशेजारी फीचा फलक होता, निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत. धान्यातला ओलावा, वीस रुपये. माती आणि खडे, पंधरा रुपये. त्याखाली कीटकनाशकांचे अंश, प्रत्येक गटाला साडेचारशे.

"खडे मोजायला पंधरा घेता होय?" ती कन्नडमध्ये म्हणाली. "मी आयुष्यभर फुकट निवडले."

खिडकीतल्या कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं, मग तिच्या फॉर्मवरचं नाव वाचलं आणि मराठीत म्हणाला, "मोहिते? मग आपल्यातल्याच की तुम्ही. मी बिंदुमाधव. बसा अक्का, त्या स्टुलावर."

त्याने तिला गट समजावून दिले. पहिल्या गटात बीएचसी आणि त्याची जुनी भावंडं, दुसऱ्यात हल्ली वापरतात ती औषधं. "एकच घ्या," तो म्हणाला. "लोक एकच घेतात."

"दोन्ही घालते."

"नऊशे होतील, अक्का. आणि एकदा चलन भरलं की परत नाही मिळत. छापलंय बघा खाली."

नऊशे म्हणजे तिची तीन महिन्यांची सत्त्वाची कमाई. समोरच्या बँकेत जाऊन तिने चलन भरलं, पावतीचा एक तुकडा त्याला दिला आणि कापडी पिशवी खिडकीतून आत सरकवली. पिशवी नवी होती, काल शिवलेली. बिंदुमाधवने त्यावर लाख लावून शिक्का मारला आणि नंबर लिहिला, तीनशे बारा.

आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं. 'नमुना क्रमांक ३१२ बाबत समक्ष भेटावे.'

कार्ड हातात धरून चंपाक्का खुर्चीत बसली ती बसूनच राहिली. विष नसतं तर भेटायला कशाला बोलावतील, नुसतं लिहून पाठवलं असतं. तिला एकेक घर आठवायला लागलं. कोपऱ्यावरच्या शिंप्याची जुळी. समोरच्या मास्तरांची धाकटी, जी जन्मतः मूठभर होती आणि आता कॉलेजात होती. देवळामागची ती तिघं भावंडं. सगळी धडधाकट होती, हे तिला ठाऊक होतं. पण धडधाकट दिसणं आणि असणं ह्यात काय अंतर असतं, ते तिला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत तिला आत बोलावलं. पांढऱ्या कोटातल्या एका मुलीने, तिचं नाव रूपश्री, टेबलावर स्टीलची ताटली ठेवली होती. ताटलीत एक हळकुंड आणि एक सुपारी.

"हे काय आहे, अक्का?" रूपश्रीने कन्नडमध्ये विचारलं.

"हळकुंड."

"ते मलाही दिसतंय. तुमच्या नमुन्यात कसं आलं?"

"मीच घातलं. घरचं धान्य पहिल्यांदा नव्या जागी जातं, तेव्हा नुसतं कसं पाठवायचं?"

रूपश्रीने क्षणभर तोंडावर हात धरला. मग हात काढून म्हणाली, "आणि ही रागी धुतलीय का?"

"तीन पाण्यांनी. वाळवून, निवडून. सरकारी कचेरीत काय मळकट धान्य द्यायचं?"

"अक्का, आम्हाला मळच पाहिजे. औषध असेल तर ते त्या मळातच असणार. तुम्ही आम्हाला परातीत मांडलेली रागी आणून दिलीत."

चंपाक्काला हायसं वाटलं. ती हसलीही. पण लगेच तिच्या ध्यानात आलं, की म्हणजे अजून काही कळलेलंच नाही. "मग माझे नऊशे?"

"पावती अजून चालेल. तपासणी सुरू केलेली नाही. पंधरा दिवसांत एकदा दुसरा नमुना देता येतो. एकदाच. थेट पोत्यातला, वरचा, मधला, तळाचा, तिन्हीकडचा."

बाहेर आल्यावर बिंदुमाधवने तिला खिडकीजवळ थांबवलं. तो सज्जन माणूस होता, आणि नऊशे रुपयांची त्याला तिच्याहून जास्त हळहळ वाटत होती. "अक्का, एक सांगू? धुतलेलीच आणा परत. हळकुंड तेवढं काढा. ती आतली पोर वाळवलेलं ओळखते म्हणून स्वल्प धुळीत घोळवून आणा. कागद चांगला येईल. तुम्हाला कागदच हवाय ना?"

चंपाक्का "सरी, बरं" म्हणाली आणि निघाली.

घरी येऊन तिने दोन पिशव्या भरल्या. एकीत धुतलेली, एकीत पोत्यातली. पोत्यातली काढताना तिने तळापर्यंत हात घातला आणि वास घेतला. वास नव्हता. पण नाक आता म्हातारं झालं होतं, त्याचा भरवसा काय? दोन्ही पिशव्या तिने देवासमोर नाही, दाराशी चपलांजवळ ठेवल्या, आणि तीन दिवस येता-जाता त्यांच्याकडे बघत राहिली. कागद चांगला आला तर मैत्रेयीला दाखवता येईल. त्या दोन डबेवाल्या घरांनाही दाखवता येईल. खोटंही नव्हे ते, बाळाच्या पोटात जाते ती धुतलेलीच. असं ती स्वतःशी म्हणायची, आणि मग पिशवीची गाठ उगाच पुन्हा सोडून बांधायची.

चौथ्या दिवशी तिने दोन्ही पिशव्या बसमधून नेल्या. खिडकीवर पोचल्यावर एक आत सरकवली आणि दुसरी मांडीवरच ठेवली.

बिंदुमाधवने पिशवी उघडून बोट घातलं. बोट मळकं झालं. "अक्का, ही पोत्यातली."

"हो."

"मी सांगितलं होतं ना."

"सांगितलंस खरं. पण माझं धुणं कसं आहे ते मला ठाऊक आहे रे. नऊशे रुपये भरून ते कशाला विचारू? मला ठाऊक नाही ते पोतं."

त्याने पिशवीची गाठ आवळली. लाख वितळवली आणि शिक्का मारला.

निकाल घ्यायला ती दहा दिवसांनी गेली. रूपश्रीने कागद तिच्यापुढे धरला आणि बोट ठेवत सांगितलं. दुसरा गट, काही आढळलं नाही. पहिला गट, आढळलं. किती ते आकड्यात होतं, आणि शेजारी मर्यादेचा आकडा होता, त्याच्या बऱ्याच पट मोठा.

"आहे म्हणजे आहे," चंपाक्का म्हणाली.

"आहे. पण मर्यादेच्या खूप आत. हे जमिनीतच राहिलेलं असतं, अक्का. शेतकऱ्याने ह्या वर्षी काही मारलं नसेल तरी येतं इतकं."

"धुतल्यावर?"

"कमी व्हायला हवं. किती, ते मी तोंडाने सांगणार नाही."

"आणि आधीची पोती? तीस वर्षांतली?"

रूपश्रीने कागदाची घडी घातली. तिला धीर द्यायचा होता हे दिसत होतं, आणि खोटं बोलायचं नव्हतं हेही. "ती मला कुणी आणून दिली नाहीत. मी ह्या पोत्याचं सांगू शकते. हे खायला चालेल. माझ्या घरी बाळ असतं तर मी दिलं असतं."

चंपाक्काने कागद घेतला. जे विचारायला आली होती त्याचं अर्धं उत्तर मिळालं होतं, आणि उरलेलं अर्धं कुणाकडेच नव्हतं. हे आपल्याला अवघड जाईल असं तिला वाटलं होतं. पण गेल्या महिनाभरात पहिल्यांदाच तिला भूक लागली होती, आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलात इडली खाऊन जावं की घरी जाऊन भात लावावा, ह्याचा ती विचार करत होती.

निघताना बिंदुमाधवने एक तपकिरी पाकीट आणि मोठं रजिस्टर पुढे केलं. "ह्यावर सही करा. आलेली वस्तू परत द्यावी लागते."

पाकिटावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'नमुना क्र. ३१२. बाह्य पदार्थ. नग दोन.' आत हळकुंड आणि सुपारी.

संध्याकाळी मैत्रेयी तनयला कडेवर घेऊन खाली आली तेव्हा चंपाक्काने तिच्या हातात कागद दिला आणि आकड्यांवर बोट ठेवून, रूपश्रीने सांगितलं होतं तसंच सगळं सांगितलं. आहे तेही सांगितलं. शिवणीतल्या भुकटीचंही सांगितलं, जे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

मैत्रेयीने कागद दोनदा वाचला. "काकू, तुम्ही फी भरलीत ह्याची? मी नुसतं सहज विचारलं होतं."

"सहज नव्हतंच ते. बाळाची आई सहज विचारत नसते."

मैत्रेयीने कागद जपून परत दिला. तनयने तपकिरी पाकीट ओढलं आणि तोंडात घालायला लागला. तिने ते सोडवून घेतलं, त्यावरचं वाचलं आणि हसायला लागली. "बाह्य पदार्थ, नग दोन. काकू, हे काय?"

"ते हळकुंड. तुझ्या डब्यात घालायचं, नव्या घरी धान्य चाललंय म्हणून. पहिल्यांदा दिलं तेव्हा विसरले होते."

"म्हणजे पुन्हा करणार तुम्ही?"

"पोत्याचं तोंड सोडलंय मघाशीच."

मोरीपाशी मोठं पातेलं होतं. तिसरं पाणी ओतून झालं होतं आणि रागी तळाशी स्वच्छ, काळपट-लाल दिसत होती. मैत्रेयीने तनयला चटईवर बसवलं, बाह्या सरकवल्या आणि विचारलं, "काकू, अजून एक पाणी घातलं तर चालेल?"

चंपाक्काने बादली तिच्याकडे सरकवली. "घाल. पण हात मोकळे सोडून चोळ, असं चिमटीत धरून नाही. रागी आहे ती, मोती नव्हेत."