डागलेला पाय

“अजून एक डाव पळवा,” शमशेर म्हणाला.

करंज्यात नानासोंच्या दारापुढच्या दगडी अंगणात घोडा पळवून पळवून त्यांचा गडी घामाघूम झाला होता. घोड्याला काहीच झालं नव्हतं. शमशेर पुन्हा उकिडवा बसला आणि त्यानं घोड्याचा पुढचा डावा पाय हातात घेतला. गुडघ्याखाली डागल्याच्या रेघा होत्या, तिथं केस उगवले नव्हते. शिरेत अंगठा रुतवून तो घोड्याच्या डोळ्यांत बघत राहिला. घोडा बिचारा त्याची टोपी हुंगत होता.

“म्या लपवलंय का काय?” नानासो वैतागले. “पुण्याच्या रेसला शीर दुखावली, डाक्टरनं डागलं. त्यापास्नं एकदा बी लंगडला न्हाई. पैसं ठिव, घोडा ने, म्होरल्या बाजारापातूर जुंपून बघ. ह्या पायानं लंगडला तर माघारी आण. पैसं परत. माझा शबुद हाय.”

पण शब्दावरचा शमशेरचा विश्वास कधीच उडाला होता. म्हसवडच्या जत्रेत एकानं आईची शपथ घेऊन विकलेली घोडी महिन्याच्या आत जुन्याच दुखऱ्या पायानं लंगडली, उतारावर बसली आणि टांगा उलटला. आत बाळंतपणाला माहेरी निघालेली पोर होती. पोर वाचली, पोटातलं गेलं. तेव्हापासून पोवई नाक्यावर शमशेरच्या टांग्यात कोणी पाय ठेवीना. लढाईमुळं पेट्रोल मिळेनासं झालेलं, मोटारी थंडावलेल्या, सगळ्या टांगेवाल्यांची चंगळ चाललेली. याचा टांगा मात्र दारात दांड्या वर करून उभा. आता बायकोच्या, अख्तरबीच्या, पाटल्या मोडून हा घोडा घ्यायचा होता. हाही तसाच निघाला, तर नाक्यावरून शमशेरचं नाव कायमचं पुसलं जाणार होतं. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. शमशेर पीतच नव्हता, नुसता फुंकत होता.

घोडा घरी आला. त्याचं रेसमधलं इंग्रजी नाव कोणाच्या जिभेला झेपेना, म्हणून नाक्यावर त्याला सायेब म्हणू लागले. शमशेरनं सायेबाला खडीवर पळवलं, जागच्या जागी गोल गोल फिरवलं, नदीच्या गार पाण्यात तासन्‌तास उभं केलं आणि अंग आखडलेलं असतानाच जुंपलं. पाय काही बोलेना. खरं तर शमशेरला हायसं वाटायला हवं होतं. त्याला उलट रागच यायचा. एवढा दगा हा लपवतो तरी कुठं!

“आवं, झाली की पारख,” अख्तरबी हरभरे भिजत घालता घालता म्हणाली. “लोक इचाराया लागल्यात, ह्या घोड्याचा टांगा नाक्यावर कवा लागनार म्हनून. आता त्येला जगू द्या की.”

“तू गप. उद्या बाजार हाय. आज कळलं न्हाई तर जलमभर कळायचं न्हाई.”

त्यानं टांग्यात धोंडे भरले, साक्षीला म्हणून ज्ञानू टांगेवाल्याला शेजारी बसवलं आणि यवतेश्वरचा घाट चढला. वर जाऊन टांगा वळवला आणि उतारावर सायेबाच्या पाठीवर चाबूक ओढला.

“आरं, उतार हाय! मारतुस काय त्येला?” ज्ञानू ओरडला.

“लंगडायचं आसंल तर आज लंगडू दे!”

सायेब रेसचा. चाबूक बसला की जीव तोडून पळायचं, हेच त्याला शिंगरू होता तेव्हापासून शिकवलेलं. मागून धोंडे रेटत होते, पुढून वळणं येत होती आणि तो पळत होता. पायथ्याशी त्यानं एकदम मान उडवली, तीन पायांवर उड्या घेतल्या आणि थांबला.

शमशेरला आनंद झाला. खोटं कशाला सांगा, अगदी पोटातून आनंद झाला.

“सापडला! बघ ज्ञानू, म्हनलं न्हवतं म्या?”

ज्ञानू खाली उतरला. वाकून त्यानं पाय चाचपला.

“शमशेर, ह्यो उजवा हाय रं.”

“आन् डावा?”

“डाव्याला काय बी झालं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी शमशेरनं त्याला तसाच लंगडत करंज्याला नेला. नानासो ओट्यावर आले.

“लंगडतोय. पैसं द्या,” शमशेर म्हणाला.

“कुठल्या पायानं?”

“डाव्या.”

नानासोंनी घोड्याच्या पायांकडं बघितलं. बाजाराला निघालेली चार माणसं वाटेत थांबली होती, तीही घोड्याकडे बघू लागली. उजवा पाय सुजून खांबासारखा झाला होता, खुराचं नुसतं टोक फरशीला टेकत होतं. पुढचा सगळा भार सायेबानं डागलेल्या डाव्या पायावर घेतला होता. तो पाय जराही थरथरत नव्हता.

“मग त्याच पायावर चालवत ने घरला,” नानासो म्हणाले आणि आत गेले.

कोणीतरी फिसकन हसलं. शमशेरनं दोरी ओढली. डावा टेकत, उजवा उचलत सायेब मुकाट्यानं त्याच्या मागं निघाला.