मिस्त्रींचं नवं रीळ

मेहुण्याने गळ लांब समुद्रात फेकला, रॉड मिस्त्रींच्या हातात दिला आणि म्हणाला, "घ्या भाऊजी. आता नुसतं धरून बसा. दोरीला ओढ लागली की मला हाक मारा."

मिस्त्री धरून बसले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. पूर्वी याच वाळूवर त्यांच्या शेजारची जागा मिळावी म्हणून लोक उजाडायच्या आत येऊन बसायचे. मग त्यांच्या फर्निचरच्या वर्कशॉपमधल्या करवतीने एका दुपारी त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली, अंगठ्याशेजारचं आणि मधलं. गळ फेकताना दोरी अंगठ्याशेजारच्या बोटावर धरायची असते आणि बरोबर क्षणी सोडायची असते. ते बोटच नाही म्हटल्यावर सोडणार काय? जखम भरल्यावर त्यांनी एकदा करून पाहिलं होतं. शिशाचं वजन पुढे जायच्या ऐवजी त्यांच्याच पायाशी येऊन रुतलं आणि आसपासच्या सगळ्यांना एकदम समुद्राकडे बघायचं काम लागलं. कोणी हसलं असतं तर बरं, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं.

मेहुणा मनाने वाईट नव्हता. टायरचं दुकान होतं त्याचं, चार पैसे बाळगून होता आणि भाऊजींना घरात कुढत बसू द्यायचं नाही असा त्याने विडाच उचलला होता. म्हणून दर रविवारी तो त्यांना घेऊन यायचा, दोरी गुंडाळायच्या स्वतःच्या महागड्या रिळाने त्यांचा गळ फेकून द्यायचा, वर त्यांना खुर्चीही उघडून द्यायचा.

त्या दिवशी दोरी खरंच ओढली गेली. मिस्त्रींनी हाक मारायच्या आधीच मेहुणा धावत आला, रॉड जवळजवळ हिसकावूनच घेतला आणि मासा ओढून वाळूवर आणून टाकला. "भाऊजी, तुमचा मासा!" म्हणून त्याने टाळ्या वाजवल्या. चार जणांनी आणखी वाजवल्या.

घरी आल्यावर मिस्त्रींनी पिशवी ओट्यावर ठेवली आणि बायकोला म्हणाले, "हा मासा शेजारी देऊन टाक."

"का? चांगला ताजा तर आहे."

"ताजा आहे, पण माझा नाही." मग जरा वेळाने ते म्हणाले, "मी डाव्या हाताने शिकणार आहे. मला माझं रीळ घ्यायचंय."

बायकोने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. अपघातानंतर 'मला घ्यायचंय' असं काही त्यांच्या तोंडून ती पहिल्यांदाच ऐकत होती.

जुनं रीळ माळ्यावर होतं. खाली काढून फिरवलं तर आत कोणी खडे दळत असल्यासारखा आवाज आला. शेवटच्या खेपेनंतर ते धुवायचं राहून गेलं होतं आणि खाऱ्या पाण्याने त्याचा पार निकाल लावला होता. लेकीने लगेच फोनवर शोधाशोध सुरू केली.

"बाबा, हे बघा. बारा बेअरिंग! सोनेरी आहे. आणि काय स्वस्त!"

"सोनेरी कशाला? माशाचं लग्न लावायचंय का?"

"अहो, पण लोकांनी पाच पाच तारे दिलेत."

"तारे राहू देत. मी हातात घेऊन बघणार."

बाजाराच्या मागच्या गल्लीत मासेमारीच्या सामानाचं एक अरुंद दुकान होतं. छतापासून जाळी लोंबत होती, भिंतीला रॉड उभे होते आणि काउंटरमागे उंच स्टुलावर दुकानवाल्या बाई बसल्या होत्या. गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा होता. नवरा-बायको दोघं आत शिरले तसा बाईंनी तो डोळ्यांवर चढवला. मिस्त्रींच्या हाताकडे त्यांची नजर गेली, पण तिथे थांबली नाही.

"कुठून टाकणार? बोटीतून, पुलावरून की वाळूवरून?"

"वाळूवरून. आणि खिशाला झेपेल असं दाखवा. दर पावसाळ्यानंतर बदलायला लागेल असंही नको."

"म्हणजे टिकाऊ आणि स्वस्त," बाई म्हणाल्या. "दोन्ही मागणारे तुम्हीच पहिले नाही." पण हसत हसत त्यांनी तीन रिळं काउंटरवर मांडली. एक सोनेरी, एक रुपेरी आणि एक मळकट काळं.

मिस्त्रींनी सोनेरी उचललं, डोळे मिटले आणि हँडल फिरवलं. लोण्यासारखं फिरलं. बायको "वा!" म्हणाली. मिस्त्रींनी हँडल आडवं हलवून पाहिलं, तर ते दाराच्या सैल बिजागरीसारखं डुगडुगलं. फिरत्या भागाखालच्या फटीत त्यांनी नख घातलं.

"इथून वाळू आत गेली की?"

"जाणारच," बाई म्हणाल्या. "आत बेअरिंग किती आहेत हे खोक्यावर मोठ्या अक्षरात छापतात. पाणी आत शिरायला किती जागा आहे, ते कोणी छापत नाही. तळ्याकाठी बसणाऱ्याला हे छान आहे. वाळूवर एक मोसम काढेल."

रुपेरी रिळात खोड काढायला जागाच नव्हती. आवाज नाही, डुगडुग नाही. त्याची मूठ मोठी, गोल होती. मिस्त्रींनी ती उजव्या तळव्यात धरली आणि उरलेल्या दोन बोटांनी फिरवली. मूठ सुटली नाही. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर उजेड पडला. मग बाईंनी किंमत सांगितली आणि बायको छताच्या पंख्याकडे बघू लागली.

"हे आयुष्यभर जाईल," बाई म्हणाल्या, "पण घरातलं भांडणही तेवढंच टिकेल."

राहिलं काळं. ते हातात घेतल्यावर जडच लागलं.

"जड आहे, कारण अंग धातूचं आहे," बाई म्हणाल्या. "मोठा मासा लागला की प्लास्टिकचं अंग पिळवटतं आणि आतले दाते एकमेकांवर घसरतात. आणि हे बघा." त्यांनी हँडल काढलं. भोकाभोवती पाणी अडवायला रबराची कडी होती. दोरीची चकती वर उचलली, तिच्याखालीही तशीच कडी. मग त्यांनी दोरीचा ताण कमी-जास्त करायचं वरचं बटण थोडं सैल केलं आणि दोरी ओढायला सांगितली. मिस्त्रींनी ओढली. दोरी एकसारखी सुटत गेली, कुठे अडकली नाही, कुठे झटका नाही. मासा जोरात पळाला की दोरी अशीच सुटायला हवी, नाहीतर तुटते.

"हँडल उजवीकडे लावता येतं?"

"या बाजूने काढायचं, त्या बाजूने घालायचं." बाईंनी तिथल्या तिथे घालून दाखवलं. किंमत सांगितली, तेव्हा बायकोने पंख्याकडे पाहिलं नाही.

मिस्त्रींनी डाव्या हातात रीळ धरलं आणि उजव्या हाताने फिरवू गेले. या रिळाची मूठ चपटी आणि बारीक होती. ती अंगठ्यातून निसटली. पुन्हा धरली, पुन्हा निसटली. बायकोने उगाचच एक पाकीट उचलून त्यावरचं वाचायला घेतलं.

मिस्त्रींनी रीळ काउंटरवर ठेवलं. मग वाकून मुठीच्या टोकाकडे पाहिलं. तिथे एक छोटं झाकण होतं. त्यांनी ते नखाने उचकटलं.

"बाई, हा स्क्रू निघतो?"

"निघतो की."

"मग रीळ बांधून द्या. मूठ मी करतो."

"आणि नाही जमली तर?"

"जमेल," मिस्त्री म्हणाले. किती दिवसांत त्यांनी हा शब्द उच्चारला नव्हता! त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

बायकोला मात्र रस्त्यात उमगलं की मूठ करायची म्हणजे काय. लाकूड कातायचं यंत्र चालू करायचं. अपघातापासून मिस्त्रींनी वर्कशॉपमधल्या एकाही यंत्राला हात लावला नव्हता. ते मापं घ्यायचे, खुणा करायचे आणि कारागिरांना काम वाटून द्यायचे. बटण दाबायची वेळ आली की काहीतरी निमित्त काढून बाहेर जायचे.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, कारागीर बाहेर गेल्यावर, मिस्त्रींनी शिसवीचा एक तुकडा यंत्रावर चढवला. बायको दारात उभी राहिली. नको म्हणायला ती आली होती, पण म्हणाली नाही.

मिस्त्रींनी बटण दाबलं. यंत्र घुमायला लागलं तसे ते एक पाऊल मागे सरले. कपाळावर घाम आला. त्यांनी यंत्र तसंच रिकामं फिरू दिलं, त्याचा आवाज पुन्हा कानाला ओळखीचा होईपर्यंत. मग डाव्या हाताने पटाशी टेकवली आणि उजव्या तळव्याने तिचा दांडा मागून दाबून धरला. बारीक भुगा उडाला. शिसवीचा तो वास दरवळला.

पहिला तुकडा तडकला. बायको दचकून पुढे आली. "काही नाही," ते म्हणाले, "लाकडातच चीर होती." दुसरा मात्र हळूहळू आकार घेऊ लागला, लहान कांद्याएवढा गोल. त्यांनी तो घासला, मधोमध भोक पाडलं, आत पितळी नळी बसवली, तेल पाजलं. मग तळव्यात धरून बघितला, आणि तो तिथे असा बसला की जणू हाताच्या मापानेच झाडाला लागला होता. हाताच्या मापानेच तो केला होता म्हणा!

बायकोने मूठ हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "आणि कपाटाच्या गोल पायांचं ते काम तुम्ही 'होत नाही' म्हणून परत पाठवलंत?"

"उद्या बोलावतो त्या गिऱ्हाइकाला," मिस्त्री म्हणाले आणि पुढच्या तुकड्यात चीर आहे का ते बघू लागले. आता त्यांना थांबवतच नव्हतं.

फेकायचा सराव शाळेमागच्या मैदानावर झाला. गळ न लावता, नुसतं शिसं बांधून. सगळंच उलटं होतं. डावा हात वर, उजवा खाली, दोरी डाव्या बोटावर. पहिल्या फेकीला शिसं मागे गेलं. दुसऱ्या फेकीला सरळ आकाशात, आणि बायको-लेक दोघी डोक्यावर हात धरून पळाल्या. एकदा ते बाजूच्या इमारतीत वाळत घातलेल्या चादरीत जाऊन अडकलं.

"अहो, चादर लागली की गळाला!" वरून एक आजीबाई ओरडल्या. "मोठी आहे, जपून ओढा!"

मिस्त्री इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. रोज काम संपलं की तिघं मैदानावर जात. चुकत चुकत डाव्या बोटाला उमज येऊ लागली. आणि एका संध्याकाळी शिसं शीळ घालत गेलं आणि पलीकडच्या टोकाच्या कुंपणावर टण्णकन वाजलं. लेक "बाबा!" म्हणून किंचाळली. मिस्त्रींनी काहीच झालं नाही अशा थाटात दोरी गुंडाळायला सुरुवात केली. मूठ तळव्यात गरगर फिरत होती.

रविवारी भरती दुपारची होती आणि बायको-लेकही बरोबर आल्या होत्या. मेहुण्याने नेहमीप्रमाणे खुर्ची उघडली आणि हात पुढे केला. "आणा भाऊजी, फेकून देतो."

"तू तुझं बघ," मिस्त्री म्हणाले.

पहिली फेक जवळच पडली. मेहुण्याने तोंड उघडलं, पण बहिणीने त्याच्याकडे असं काही पाहिलं की ते त्याने पुन्हा मिटलं. मिस्त्रींनी दोरी गुंडाळली, पाय नीट रोवले, श्वास घेतला. दुसरी फेक लाटांच्या दोन रांगा ओलांडून पलीकडच्या खोल हिरव्या पाण्यात पडली.

"अरेच्चा!" मेहुणा म्हणाला. शेजारचे दोघं-तिघं वळून बघायला लागले. यावेळी कोणालाच समुद्राकडे बघायचं काम लागलं नाही.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग रॉडचं टोक एकदा नुसतं लवलं, आणि दुसऱ्यांदा जे खाली गेलं ते वर आलंच नाही. रीळ करकरलं, दोरी सुसाट सुटू लागली.

"भाऊजी, द्या इकडे! मोठा आहे, द्या!" मेहुणा वाळू उडवत धावत आला.

"हात लावलास तर बघ!"

"दोरी तुटेल हो!"

"तुटली तर माझी तुटेल! लांब हो!"

"लांब हो म्हणतायत ना!" बायको कडाडली. मेहुणा जागच्या जागी थांबला.

मासा उजवीकडे पळाला, मिस्त्री त्याच्या मागे पाण्याच्या कडेकडेने चालत गेले. त्याला पळू दिलं. दोरी एकसारखी सुटत होती, दुकानात सुटली होती तशीच. त्याचा जोर जरा ओसरला तसं त्यांनी बटण किंचित आवळलं, रॉड वर उचलला आणि खाली आणता आणता मूठ फिरवली. पुन्हा उचलला, पुन्हा फिरवली. खांदा भरून आला. डाव्या दंडात पेटके आले. मासा दोनदा जवळ येऊन पुन्हा पळाला आणि दोन्ही वेळा त्यांनी मन घट्ट करून त्याला जाऊ दिलं. तिसऱ्या वेळी लाटेच्या पोटात रुपेरी पाठ चमकली.

"रावस!" कोणीतरी ओरडलं. "केवढा आहे बघा!"

मिस्त्री घाई न करता मागे मागे सरकले आणि येणाऱ्या लाटेबरोबर त्याला अलगद वर घेतलं. लाट परत गेली, रावस वाळूवर राहिला. मेहुणा पाण्याच्या कडेला चुळबुळत उभा होता.

"भाऊजी," तो अदबीने म्हणाला, "आता तरी उचलू का?"

"आता उचल."

मेहुण्याने दोन्ही हातांनी मासा उचलला आणि त्याचं वजन हातांना कळताच त्याच्या तोंडून शीळच निघाली. सगळा किनारा गोळा झाला. लेक फोटो काढत सुटली. एकाने विचारलं, रीळ कुठलं? दुसऱ्याने मूठ फिरवून पाहिली आणि विचारलं, ही कुठे विकत मिळते?

"मिळत नाही," बायको ताठ मानेने म्हणाली. "आमच्याकडे तयार होते."

टाळ्या वाजल्या. मिस्त्रींना त्या ऐकूही आल्या आणि आवडल्याही. पण तोवर ते खाली बसून गळाला नवं आमिष लावत होते.

"अहो, पुरे की आता," बायको म्हणाली. "एवढा मोठा मिळालाय. चला घरी."

"थांब गं," ते उठत म्हणाले. "अजून भरती आहे."

त्यांनी पाय रोवले, दोरी डाव्या बोटावर घेतली आणि सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं. लोक पटापट मागे सरले. शिसं उन्हात एकदा लखलखलं आणि लांब, मघापेक्षाही लांब, उडत गेलं.