पलीकडून कोणी उचलत नव्हतं

काकांच्या फायली शाबूत होत्या, एवढं एक बरं होतं. गल्लीतल्या योएल्किसने त्या आधीच एका पेनड्राइव्हवर काढून ठेवल्या होत्या आणि गेले तीन दिवस तो तेवढ्यावरच स्वतःची समजूत घालत होता. बाकीचा घोळ त्याच्याच हाताने झाला होता.

एवेलिओकाकांना दिसत नाही. जन्मापासून. चौतीस वर्षं ते टेलिफोन ऑपरेटर होते, अख्ख्या कायबारिएन गावाचे फोन त्यांनी जोडून दिले. रिटायर झाल्यावर त्यांना एक जुना कॉम्प्युटर मिळाला. त्यातल्या लिनक्समध्ये एक आवाज होता, तो पडद्यावरचं सगळं वाचून दाखवायचा. त्या दिवसापासून काका स्वतःचं स्वतः वाचायला लागले. त्याआधी त्यांची बहीण वाचून दाखवायची, नेरेइदाआत्या. आत्या वाचायची छान, पण तिला जे पटायचं नाही ते ती सरळ गाळायची. शिव्या गाळायची, भांडणं गाळायची, कुणी आजारी पडलं तर पुढच्या वाक्यात त्याला बरं करून टाकायची.

तो जुना आवाज पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा होता. मग योएल्किसच्या हाती ‘हिकोतेआ’ नावाच्या नव्या लिनक्सची बीटा दुसऱ्या एका पेनड्राइव्हवर लागली. तिचा आवाज म्हणे अगदी माणसासारखा. तो काकांना म्हणाला, एका दुपारचं काम आहे. आणि जुनं चालतं सगळं पुसून टाकलं. पुसायची घाई करायला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही.

नवी सिस्टीम अठ्ठ्याऐंशी टक्क्यांवर जाऊन बसली. तीन दिवसांत सात वेळा. दर वेळी एक तर त्याचाच धीर सुटायचा आणि तो मशीन बंद करायचा, नाहीतर गल्लीची वीज जायची.

आज शनिवार. वीज सहाला जाणार होती. चार वाजून गेले होते.

“किती झालं?” डोलखुर्चीतून काकांनी विचारलं.

“अठ्ठ्याऐंशी.”

“काल पण अठ्ठ्याऐंशीच होतं.”

“काका, बीटा आहे ती. म्हणजे अजून पक्की झालेली नाही.”

“मग पक्की झाल्यावर आणायची. मी तुझ्याकडे कैरी मागितली होती का?”

“असू दे रे, पोराला बोलू नकोस,” आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली. “मी आहे ना वाचायला.”

“तू आहेस तीच तर भीती आहे.”

काकांची एक रहस्यकथा शेवटच्या तीन प्रकरणांवर अडकली होती. योएल्किसने ती आपल्या फोनवर घालून आत्याला दिली होती. काल संध्याकाळी आत्याने एक प्रकरण वाचलं. इन्स्पेक्टर विधवेच्या घरी गेला. तिने कॉफी दिली. दोघं वर गेली. सकाळी ऊन पडलं होतं.

“एवढं लवकर?” काकांनी विचारलं होतं.

“उन्हाळा होता,” आत्या म्हणाली होती.

योएल्किसला हसू आलं होतं, पण घरी जाताना ते हसू उरलं नाही. हे मशीन बोललं नाही तर काकांचं उरलेलं आयुष्य असंच जाणार होतं. कुणीतरी निवडून दिलेलं ऐकत. आणि ते योएल्किसने केलेलं असणार होतं.

“तू काय बघतोयस आत्ता?” काकांनी विचारलं.

“पट्टी. निळी पट्टी आहे, ती सरकत नाही.”

“पट्टीखेरीज काही नाही पडद्यावर?”

“एक बटण आहे. ते दाबलं की बारीक अक्षरातल्या ओळी दिसतात. त्यांत काही नसतं.”

“वाचल्यास?”

खरं सांगायचं तर योएल्किसने नव्हत्या वाचल्या. तो हे सगळं स्वतःचं स्वतः शिकला होता, हे दाब, ते उपट, पुन्हा लाव. त्या करड्या ओळी भराभर वर पळायच्या आणि तो त्यांच्याकडे भिंतीच्या पोपड्यांसारखं बघायचा.

“वाच,” काका म्हणाले. “मोठ्याने. आणि माझ्या बहिणीसारखं नको.”

त्याने बटण दाबलं. ओळी आता पळत नव्हत्या. खालची एकच हळूहळू पुढे जात होती.

“सर्व्हरशी संपर्क करत आहे,” त्याने वाचलं. “मग लिहिलंय, थांबा. मग, उत्तर नाही. मग, पुन्हा प्रयत्न, दोन.”

“पुढे.”

“पुढे परत तेच. संपर्क करत आहे. थांबा.”

काकांची खुर्ची थांबली. ते बोटाने खुर्चीच्या दांड्यावर ठोके देत राहिले. “आता?”

“उत्तर नाही. पुन्हा प्रयत्न, तीन.”

“तीस सेकंद. पुढचं सांग. वाचू नकोस, नुसतं आलं की ‘आलं’ म्हण.”

बराच वेळ ठोके पडत राहिले.

“आलं.”

“परत तीस.” काका पुढे वाकले. “पोरा, हे मशीन बिघडलेलं नाही. हे कुणाला तरी फोन लावतंय. एंगेज नाही, लाइन तुटलेली नाही, नुसती बेल जातेय आणि पलीकडून कोणी उचलत नाही. मग ठेवायचा, परत फिरवायचा. चौतीस वर्षं केलंय मी हे. कुणाला लावतंय ते?”

“इंटरनेटवर. नवीन फायली आणायला.”

“आपल्याकडे इंटरनेट कुठाय?”

योएल्किसची नजर मशीनमागच्या वायरवर गेली.

गल्लीत इंटरनेट नव्हतंच. त्यासाठी चौकातल्या बागेत जाऊन बसावं लागायचं. गल्लीत होती ती पोरांची वायर. गच्च्यांवरून, पाण्याच्या टाक्यांना वळसे घालत तेवीस घरं जोडलेली. तिच्यावर गेम खेळायचे, पिक्चर द्यायचे-घ्यायचे, बस. ती वायर काकांच्या मशीनमध्ये लावलेली होती. इन्स्टॉल सुरू करताना पडद्यावर हिरवी खूण आली होती, ‘जोडणी आहे’, आणि तो उलट खूश झाला होता. वायर दिसली की पलीकडे जग आहे असं त्या मशीनला वाटलं. दुसऱ्या कुठल्याही देशात ते बरोबरच ठरलं असतं.

“पुढे किती फायली आहेत?” काकांनी विचारलं.

“तीनशे बावीस. प्रत्येकीला पाच वेळा फोन.”

“म्हणजे अजून तेरा-चौदा तास. आणि सहाला वीज.” काका परत डोलायला लागले. “काढ ती वायर.”

हे बोलायला सोपं होतं. ती वायर कपाटावरच्या एका पेटीतून येत होती, तिथूनच ती पुढच्या चार घरांत जायची, आणि पेटीतली खटकी तुटल्यामुळे सगळं काडेपेटीचा पुठ्ठा खोचून बसवलेलं होतं. तिला हात लावायचा नाही हा गल्लीचा नियम होता. म्हणून तर ती काढायचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्याने मशीनच्या बाजूने हलकेच ओढली. पुठ्ठा पडलाच. लगेच गच्चीवरून गेम खेळणाऱ्या लिस्वानचा आवाज आला.

“कुणी काढली रे वायर? जिंकत होतो मी.”

“तू दोन वर्षं जिंकतोच आहेस,” काकांनी खिडकीकडे तोंड करून सांगितलं. “जरा हरून बघ.”

पडद्यावर ओळ आली. योएल्किसने आता न सांगता वाचली. “जोडणी नाही. इन्स्टॉलच्या पेनड्राइव्हवरच्या फायली वापरत आहे.”

निळी पट्टी सरकली. एकोणनव्वद. एक्क्याण्णव. त्याचे खांदे इतके सैल पडले की इतके दिवस ते कानापर्यंत चढलेले होते हे त्याला तेव्हा कळलं. आत्याने पेरूचा मुरंबा लावलेला पाव आणून दिला. तीन दिवस त्याला ती आग्रह करत होती आणि तो नको म्हणत होता. त्याने दोन खाल्ले. मग पुठ्ठा खोचून गल्ली पुन्हा जोडली, नुसतं काकांचं टोक बाहेर ठेवलं.

शंभर झाले तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. मशीन बंद होऊन परत सुरू झालं. निळा पडदा, त्यावर हिकोतेआचं, म्हणजे कासवाचं, चित्र.

आवाज नाही.

“बोल की,” योएल्किस पुटपुटला. त्याने आवाजाची पट्टी बघितली, भरलेली होती.

काकांनी हात लांब करून टेबलामागे चाचपलं. “नेरेइदा, स्पीकरचा प्लग कुणी काढला?”

“मग भाताचा कुकर कुठे लावू? डोक्यावर?”

कुकर निघाला, स्पीकर लागला. खर्र झालं आणि एक बाई स्वच्छ आवाजात म्हणाली, “सुस्वागतम. पासवर्ड टाइप करा.”

काकांनी पासवर्ड टाकला, बाईने प्रत्येक कळ मोजली.

“ही तर स्पेनवाली निघाली,” काका म्हणाले. “आपल्यासारखं नाही, जीभ दातात धरून बोलते.”

“बदलता येईल काका. मी बघतो.”

“काही हात लावू नकोस. बोलू दे तिला.” त्यांचा हात कीबोर्डवरून उठेना. “कादंबरी घाल. कालचंच प्रकरण, पहिल्यापासून.”

“ते वाचून झालंय,” आत्या दारातून म्हणाली.

स्पेनवालीने सुरुवात केली. इन्स्पेक्टर आला. कॉफी आली. दोघं वर गेली. आणि मग बाईने, आवाजात जराही फरक न करता, बटणं एकेक करून काढायला घेतली. आत्या तांदूळ निवडायला लागली, निवडलेलेच. योएल्किस छताकडे बघत बसला. सकाळ व्हायला चौदा मिनिटं लागली. त्यातल्या बाराव्या मिनिटाला विधवेच्या गळ्यातल्या साखळीत इन्स्पेक्टरला तिजोरीची किल्ली दिसली.

“थांबव.” काका बहिणीकडे वळले. “खुनाचा पुरावाच गाळलास तू?”

“मला चष्म्याशिवाय नीट दिसलं नसेल.”

“चष्मा तर तू झोपतानाही काढत नाहीस.”

काका हसायला लागले, खुर्चीसकट. आत्यालाही आवरेना, ती तोंडाला पदरासारखं ॲप्रन लावून आत पळाली. काकांनी पुढचं प्रकरण लावलं. निम्म्यावर सहा वाजले आणि वीज गेली. बाई शब्दाच्या मधोमध थांबली, वरून लिस्वानची शिवी आली.

“उद्या लावलं की बोलेल ना?” काकांनी विचारलं.

“बोलेल,” योएल्किस म्हणाला. तीन दिवस तो हेच सांगत आला होता. आज सांगताना त्याला पडद्याकडे बघावं लागलं नाही.