सुगतच्या गालांवरची लाली

मेलेल्या माणसाच्या गालांवर लाली असते होय? मीराबाईंना संशय आला तो तिथेच. पोरगा रात्री खोकत झोपला, सकाळी उठलाच नाही, आणि तोंड बघावं तर गुलाबी! सून क्रांती नर्स. सुया-औषधं तिच्याच हातात. ड्यूटीवर जाण्याआधी टोचलं असणार काहीतरी, दुसरं काय!

नागपूरहून मयूर विहारच्या फ्लॅटात आल्यापासून त्या बघत होत्याच ना. दिल्लीची हाडं गोठवणारी थंडी, पोराला खोकला, आणि ही बया छताजवळचं रोशनदान सताड उघडं ठेवायची. म्हणे हवा खेळू द्या, आई! काल ती गेल्यावर मीराबाईंनीच कोळशाची शेगडी पेटवून सुगतच्या उशाशी ठेवली, आपलं जुनं लुगडं रोशनदानात गच्च कोंबलं आणि दार ओढून घेतलं. आईची माया ती.

"साहब, बहू ने मारा है. खून लिखो," शवागाराबाहेर त्यांनी इन्स्पेक्टरला पुन्हा बजावलं. क्रांती भिंतीला टेकून गप्प उभी होती. चोराच्या मनात चांदणं!

तेवढ्यात डॉक्टर हेमलता बाहेर आल्या. मराठीच निघाल्या.

"मावशी, आम्हाला दोन गोष्टी ठरवायच्या असतात. माणूस कशानं गेला, आणि ते घडलं कसं: आजार, अपघात, आत्महत्या की खून. पहिलं शरीर सांगतं. टोचल्याची कुठेही खूण नाही. रक्त लालभडक आहे. तपासणी व्हायचीय, पण बंद खोलीत कोळशाचा वायू कोंडला की असंच होतं. गालांवरची लालीही त्याचीच."

"आणि दुसरं?"

"ते खोली सांगेल."

खोली बघून आलेला इन्स्पेक्टर क्रांतीकडे वळला. "रोशनदान में कपड़ा किसने ठूँसा?"

मीराबाईंना आपलं लुगडं आठवलं. अगं माय, हे काय झालं माझ्या हातून!

क्रांतीनं एकदाच सासूकडे बघितलं. "मैंने. ठंड थी."

"नर्स होकर? आपको तो पता होगा क्या होता है." त्याचा आवाज एकदम बदलला.

मीराबाई नुसत्या गप्प राहिल्या असत्या तरी सून आत गेली असती. सकाळपासून त्यांना तेच तर हवं होतं.

"झूठ बोलती है!" त्या ओरडल्या. "लुगडं माझं आहे. शेगडी मी ठेवली. ही तर रोज नको म्हणायची!" आणि तिथेच फरशीवर बसून त्या हंबरडा फोडून रडू लागल्या.

क्रांती धावत येऊन शेजारी बसली. हेमलताबाई वाकल्या. "मावशी, याला अपघात म्हणतात."

"काय म्हणायचं ते म्हणा, बाई," मीराबाईंनी सुनेचा हात घट्ट धरला. "पण त्यात हिचं नाव घालू नका."