हूम गाडीला भीत नाही

आमच्या मास्तरांना खोटं बोलता येत नाही, ही माझ्या संसारातली सगळ्यात मोठी अडचण. बाकी माणूस सोन्यासारखा.

उस्मानाबादेत वन्यप्राणी रक्षणाची परिषद भरणार आणि त्यात जळकोटचे वीरभद्र मास्तर माळढोकावर निबंध वाचणार, असं पत्र आलं, तेव्हा त्यांना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. माळढोक म्हणजे आमची हूम. आमच्या शेताच्या वाटेवर माळ लागतो. तिथं ती दरसाल उघड्या जमिनीवर एकच अंडं घालते. पायी माणूस दिसला की लांबूनच उडते, जीप दिसली की त्याहून लांबून. बैलगाडीला मात्र भीत नाही. रोज येणारी-जाणारी गाडी तिला गुरांसारखीच वाटत असावी. मी गाडी हाकायची, मास्तरांनी बघायचं, असं आमचं तीन पावसाळे चाललं होतं. अगदी जवळून जायचो. फक्त बैल थांबवायचे नाहीत; गाडी थांबली की ती उठायची. आत्ताही ती अंड्यावर बसलेली होती.

परिषदेचे स्वागताध्यक्ष होते आण्णासाहेब, आमच्या भागातले शिकारीचे शौकीन. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! नवी जीप, नवी बंदूक, आणि सगळा पावसाळा आमचा माळ तुडवूनही हूम काही हाती लागली नव्हती. बैलगाडीत बसणं त्यांना कमीपणाचं वाटे, त्यामुळं गाडीची युक्ती त्यांना कळली नव्हती, म्हणून ती जिवंत होती. परिषदेत ते पहिल्या रांगेत बसले होते; मी मागं बायकांच्या रांगेतून त्यांच्या मानेकडं बघत बसले.

मास्तरांनी छान वाचलं. या माळावर शिकार बंद करा, असं शेवटी मागितलंही. मग पुण्याहून आलेले अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, "मास्तर, मादी चोचीनं अंडं फिरवते, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं म्हणता. हा पक्षी इतकं जवळ कुणाला येऊ देत नाही. तुम्ही गेलात कसे? ते कळल्याशिवाय निबंध अहवालात घेता येणार नाही."

आण्णासाहेब खुर्चीत पुढं सरकले.

मास्तरांचा चेहरा उजळला. हेच कुणीतरी विचारावं म्हणून ते इतकी वर्षं वाट बघत होते. समोर कोण बसलंय, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. मी खोकले. त्यांनी बघितलं नाही.

"फार सोपं आहे," मास्तर म्हणाले. "आम्ही..."

"हे जवळ गेलेच न्हाईत," मी उठून म्हणाले.

सगळ्यांच्या माना वळल्या. "मी यांची बायको. संगं मीच व्हते. लांबूनच बघितलंय आमी. अंड्याचं यांनी मनानंच लिवलंय."

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मास्तर माझ्याकडं बघत राहिले, ओळख नसल्यासारखे. मग त्यांची नजर आण्णासाहेबांवर गेली. तेवढे एकटेच हसत नव्हते. मास्तर त्यांच्याकडं बराच वेळ बघत होते.

"व्हय," कागदांची घडी घालत ते म्हणाले. "बायको सांगती ते खरं हाय."

अध्यक्षांनी त्यांच्या निबंधावर काट मारली. आण्णासाहेब पुन्हा मागं रेलले आणि शेजाऱ्याला म्हणाले, "मास्तरानं फुकट वेळ खाल्ला."

एस.टी.नं आम्ही जळकोटला परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी न सांगताच बैल जुंपले आणि कासरा माझ्या हातात दिला.

"लबाड ठरवलंस मला," माळ लागल्यावर ते म्हणाले.

"व्हय."

हूम जागेवरच होती. गाडी जवळ आली तशी तिनं मान वळवून बघितलं आणि पोटाखालचं अंडं चोचीनं हलकेच फिरवलं. मास्तरांनी सवयीनं खिशातली पेन्सिल काढली, थोडा वेळ हातात धरली आणि परत ठेवून दिली.

मला रडू फुटलं. पण कासरा माझ्या हातात होता, आणि बैल थांबवून चालणार नव्हतं.